न आलेले दोन दात

सोमवार, बारा तारीख
दुपार, इस्त्रीखोली

धाकट्या जावेस थोरलीचा आशीर्वाद.

फोन उचलायला तुझे हात मोडलेत का गं? पहिल्यांदा केला तर तुझा बेकरीवाला म्हणाला, "ती अंघोळीला गेलीय." संध्याकाळी केला तरी अंघोळ. दुसऱ्या दिवशी सकाळी केला तरी अंघोळच. बाई आहेस की म्हैस? इतकं पाण्यात बसलीस तर विरघळशील एक दिवस. त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, बोलताना घसा खाकरतो, म्हणजे माणूस बरा असणार. पण तू मला ओळखतेस. दार उघडेपर्यंत कडी वाजवणारी बाई आहे मी. फोनवर नाही तर कागदावर वाजवते.

आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. लाँड्रीतलं काम तेच, हॉस्पिटलच्या चादरी तेवढ्याच मळतात. मोठ्या मशीनचा पट्टा तुटलाय, त्यामुळे हातानं पिळतोय आणि साहेबाला शिव्या देतोय. तुझी, चिमीची आणि बेकरीवाल्याची तब्येत चांगली असेल अशी आशा करते. झाली खुशाली.

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटली. पण लावून लावून वाच, मधलं सोडू नकोस.

जुन्या बोगद्यात एक माणूस सापडला.

माणूस म्हणजे हाडं. रस्ता रुंद करायला पलीकडच्या तोंडाने खणत आले होते. आपली दोघं आत राहिली तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, आपल्या बाजूचं तोंड बंद केलं ते तसंच आहे. एकच सापडला. दुसऱ्यापर्यंत पोचता येत नाही म्हणतात, डोंगर अजून सरकतो. शनिवारी तिथे सिमेंट ओतणार आणि कायमचं बंद करणार. मी मुकादमापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांपुढे उभी राहून आले. भांडले, रडले, पाय धरायचं तेवढं राहिलं. ते म्हणाले, मेलेल्यासाठी जिवंत माणसं आत पाठवणार नाही. आता याला काय उत्तर आहे? 

तर दोघांतला एकच बाहेर आला. दुसरा येणार नाही.

हाडांबरोबर बिल्ला सापडला. त्याच्यावर यांचा नंबर. ऑफिसातला कारकून म्हणाला, "बाई, तुमचे मिस्टर आहेत. सही करा, ताब्यात घ्या." जसं काही इस्त्रीचे कपडे देतोय.

मी सही केली नाही. का केली नाही ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे, तिसऱ्या कोणाला माहीत नाही. तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. त्या दिवशी यांना ताप होता. भाऊजी यांचा बिल्ला गळ्यात घालून बोगद्यात यांच्या पाळीला गेले. दोघं भाऊ नेहमीच असं करायचे, एक पडला की दुसरा त्याच्या नावावर आत. दोघं एका साच्यातले. उंची तीच, चाल तीच, वर धूळ आणि तोंडावर फडकं. मुकादमाला कधी कळलं नाही कोण थोरला आणि कोण धाकटा. मग छत बसल्याचा आवाज आला आणि हे अंथरुणातून उठून अनवाणी धावले. भावाला काढायला आत शिरले आणि मागून दुसऱ्यांदा कोसळलं. बघणाऱ्यांनी बिल्ल्यांचा फळा बघितला आणि ठरवून टाकलं की थोरला आत होता, धाकटा धावला. अजून इथे तेच सांगतात. धाकटा काय भाऊ होता म्हणतात, थोरल्यासाठी जीव दिला.

आपण दोघी गप्प बसलो. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत जाणं गुन्हा होता. मेलेल्या माणसांना कामावरून काढतील अशी भीती वाटत होती आपल्याला. डोकं जाग्यावर नव्हतं, दुसरं काय.

भरपाईच्या पैशाचा यात काही संबंध नाही, तू घाबरू नकोस. तो हिशोब तेव्हाच मिटला.

चादरी आल्या. उरलेलं उद्या लिहिते. गाडीवाला बुधवारी तुझ्या बाजूला जातो, त्याच्या हातात देते. तुझ्या हातातच द्यायचं आणि दारात उभं राहायचं असं सांगितलंय त्याला. त्याला काही अंघोळ सांगू नकोस, तो लाँड्रीचा माणूस आहे, पाण्याला भीत नाही.

मंगळवार

काल मी जे लिहायचं ते लिहिलंच नाही. चादरींचा बहाणा केला. चादरी पाच वाजता येतात, मी तीनलाच पेन ठेवलं.

तर ऐक. सापडलेला कोण आहे ते तपासायला विद्यापीठातून एक मॅडम आलीय. आम्ही तिला हाडांची मॅडम म्हणतो. हॉस्पिटलच्या मागे एक्स-रेची जुनी खोली आहे, ती दिलीय तिला. तिचं शिक्षणच ते. माणूस कशापासून झाला, कसा बदलत आला, एक माणूस दुसऱ्यासारखा का नसतो, हे सगळं हाडांवरून वाचायचं. मला आधी वाटलं, याला काय शिकायचं, हाड म्हणजे हाड.

तिच्याकडच्या चादरी धुवायला माझ्याकडेच येतात. पांढऱ्या चादरीवर मातीचे डाग. पहिल्या दिवशी मी पाण्यात टाकणार होते, तेवढ्यात बघितलं की डागांना आकार आहे. इकडे डोकं, इकडे खांदे, खाली दोन लांब रेघा. घडीवाली म्हणाली, "अगं टाक ना, काय बघत बसलीस?" मी म्हटलं, "साबण संपलाय." साबण समोर होता.

मग मी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेल्या चादरी द्यायच्या म्हणून गेले. मॅडम आपल्या चिमीची मोठी बहीण शोभेल एवढीशी, डोक्याला फडकं, हातात सुतारासारखा मोजायचा चिमटा.

म्हणाली, "या मावशी, आत या. घाबरू नका."

मी म्हटलं, "घाबरत नाही. चपला ओल्या आहेत."

भिंतीवर जबड्यांची चित्रं लावलीत. पहिला जबडा फावड्यासारखा, मग लहान लहान होत शेवटचा बशीएवढा. मी विचारलं, "हे कोण?"

"आपले पूर्वज."

"तुमचे असतील. आमच्याकडे असं तोंड कोणाचं नव्हतं."

ती हसली. म्हणाली, "तुमचे पण आणि माझे पण, मावशी. सगळ्यांचे तेच." मग समजावत बसली, तिला समजवायची हौस फार. लाखो वर्षं माणूस शिजवलेलं, मऊ खायला लागला तसा जबडा लहान होत आला. आता काही जणांना अक्कलदाढ येतच नाही, काहींना दुसरे एखाद-दोन दात येत नाहीत. घराण्यात चालत येतं. म्हणाली, माणसं आतून सगळी सारखी, तरी जगात दोन माणसं सारखी नाहीत, आणि माझं सगळं काम त्या "तरी" मध्ये आहे.

मी म्हटलं, "दोन भाऊ असले तर?"

"वयात थोडंच अंतर, उंची सारखी, कामही सारखं, तर कठीण असतं. पण भाऊ भाऊ पण वेगळे असतात."

मग तिने चादर बाजूला केली.

धाकटे, मी तुला घाबरवायला लिहीत नाही. काही भयंकर नसतं. तपकिरी असतं, चहाच्या डागासारखं, आणि नीट मांडून ठेवलेलं. मला वाटलं होतं मी पडेन. मी पडले नाही. मी नुसती तोंडाकडे बघत राहिले.

मॅडम म्हणाली, "हे बघा, पुढचे दोन मोठे दात. त्यांच्या शेजारी दोन्हीकडे एकेक लहान दात असतो. याला ते दोन्ही नाहीत. सुळे सरकून पुढे आलेत."

"पडले असतील," मी म्हटलं. "दगडाने."

"पडले असते तर हाडात खूण राहते. इथे कधी दात आलाच नाही. जन्मापासून नाही." मग जरा हलक्या आवाजात म्हणाली, "काही लोक गमतीने म्हणतात की अशी माणसं पुढची असतात. आपल्या पुढे गेलेली."

"पुढे गेला तो गेलाच की," मी म्हटलं.

ती हसली नाही. चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, तुमच्या मिस्टरांना हे दोन दात होते का?"

मी म्हटलं, "लक्षात नाही."

"लक्षात नाही?"

"संसार केला बाई, तोंडात बोटं घालून दात मोजले नाहीत."

आता तू हसत असशील किंवा रडत असशील, मला इथून दिसत नाही. ज्या माणसाने लग्नात तोंड बंद ठेव म्हणून सांगूनसुद्धा बत्तीशी दाखवत फोटो काढला, त्याचे दात माझ्या लक्षात नाहीत! सगळे होते. एकही कमी नव्हता. दोरा दाताने तोडायचे, बाटलीचं झाकण दाताने काढायचे, मी ओरडायचे. आणि भाऊजी हसले की दोन्ही सुळे पुढे यायचे, म्हणून चिमी त्यांना वाघोबा म्हणायची. तिला दुधाचे दात आले तेव्हा तिच्याही त्या दोन जागा रिकाम्या. तू डॉक्टरकडे न्यायला निघालीस आणि भाऊजी म्हणाले, "कशाला? शिक्का बसलाय. पोर माझीच आहे." तू लाटणं फेकून मारलंस. माझ्या पायाला लागलं होतं ते.

नंतरचे दात तिला आले की नाही, मला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती.

म्हणजे कोण आहे ते मला बघताक्षणी कळलं. बघण्याच्याही आधी, त्या चादरीवर कळलं असेल, पण ते जाऊ दे. एक वाक्य बोलायचं होतं. "नाही मॅडम, हे माझे नाहीत, माझे दीर आहेत." एवढंच. आयुष्यभर मी कोणाचं तोंड बघून बोलले नाही, मुकादमाला बोलले, सासूला बोलले, तुझ्या दुसऱ्या लग्नात सगळ्यांसमोर तुला बोलले. आणि हे एवढंसं वाक्य मला बोलता आलं नाही. 

मॅडम चहा आणायला गेली. मी तिथे एकटी. आणि मी काय केलं माहीत आहे? त्यांना बोलले. म्हटलं, "भाऊजी, एवढे आलात, तर भावाला कुठे सोडलंत?"

मागे बघते तर मॅडम दोन कप घेऊन दारात. ऐकलं की नाही कोण जाणे. कप ठेवला, म्हणाली, "साखर कमी आहे," आणि परत मोजायला बसली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी खोटं तरी बोलले असते, नाहीतर खरं तरी.

निघताना तिने सांगितलं ते असं. बिल्ल्यावरून ती नाव देणार नाही. बिल्ला कोणीही कोणाच्याही गळ्यात घालतो, म्हणाली. (तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही तिने. मुद्दाम बघितलं नाही.) दोन भावांतला कोण हे पक्कं करायला धाकट्या भावाचं मूल हवं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस. टोचायचं नाही, दुखत नाही. त्यावरून कळतं की हा तिचा बाप की काका. मी म्हटलं, मग मुलीला सांगू शाळेचं काहीतरी आहे. तर मॅडमचा चेहरा एकदम कडक झाला. "मुलीला खरं सांगितल्याशिवाय मी काडी लावणार नाही. ती अकरा वर्षांची आहे, तिला कळायला हवं कशासाठी." मी खूप हुज्जत घातली. तेवढीशी पोरगी, पण दगड आहे.

आणि कोणीच आलं नाही तर? तर शुक्रवारी ती खोली सोडते. तिचा कागद अर्धा राहील, आणि ऑफिस बिल्ल्यावरून ठरवेल. म्हणजे मला देईल.

आता कळलं ना तुझी अंघोळ मला का सहन होत नाही.

तू का येत नाहीस ते मला कळतं. मी अडाणी आहे, मूर्ख नाही. चिमी बेकरीवाल्याला बाबा म्हणते. त्याने तिला चालायला नाही तरी सायकल चालवायला शिकवलं असेल, तापात बसला असेल. तिला समोर बसवून सांगायचं की तुझा बाबा दुसराच होता आणि तो एका खोलीत टेबलावर आहे, चल तोंड उघड. कोणती आई करेल? मी आई नाही, पण तरी विचारते, कोणती करेल? आणि मोठी झाल्यावर कधी सांगायचंच असेल तर तुझ्याकडे निदान एक चांगली गोष्ट होती, की तुझा बाप भावासाठी आत धावला. इथे आलीस तर तीही जाते. धावला माझा होता.

ती गोष्ट ठेव तुझ्याकडे. मी परत मागत नाही. मला तिचा काय उपयोग, मला कोण विचारणार आहे?

पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि याच्यावर तू चिडलीस तरी चालेल. माझा त्यांना आणायला गेला होता. ते आले. आणायला गेलेला आतच राहिला. रोज इस्त्री फिरवताना हे डोक्यात फिरतं. भाऊजींवर राग काढावा तर ते यांच्याच पाळीला गेले होते. यांच्यावर काढावा तर ताप काय यांनी मागून घेतला होता? डोंगरावर काढावा तर तो ऐकत नाही. मग उरलीस तू. म्हणून तुला फोन करून करून छळते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय.

परवा मी दगड कोरणाऱ्याकडे गेले होते. का गेले विचारू नकोस. तो म्हणाला, "नाव काय घालायचं?" मी म्हटलं, "कळवते." तो म्हणाला, "एवढं तरी ठरवून यायचं, बाई." मी त्याच्याशी भांडले आणि घरी आले. घरी येऊन यांचा एक सदरा काढला आणि इस्त्री केली. आठ वर्षांत कोणी घातला नाही तो, चुरगळलेला नव्हता.

मॅडमकडे परत गेले तर ती विचारेल. ती न विचारता बघेल, ते आणखी वाईट. कालपासून तिच्या चादरी घडीवालीच्या हातून पाठवते. मी! लाँड्रीत साहेबाच्या डोळ्याला डोळा देणारी मी एका पोरीच्या खोलीसमोरून वळसा घालून जाते.

मी सांगू शकत नाही, धाकटे. रोज ठरवते, उद्या सांगेन. सांगितलं तर यांचं जे एवढंसं हातात आल्यासारखं वाटतंय, ते जातं. खरं नाही हे मला माहीत आहे. तरी रोज लांबून त्या खोलीचं दार बघते आणि म्हणते, आत आहेत. तू आलीस की मी काय म्हणणार? शनिवारी सिमेंट ओततील, मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघेन आणि घरी येऊन भात टाकेन, एवढंच माझ्याकडे उरेल. हे कळतंय ना तुला? तरी मी तुला ये म्हणते. आता यापेक्षा जास्त माझ्याकडून होत नाही.

चिमीला आणायचं नसेल तर तू एकटी ये आणि मॅडमसमोर दातांचं बोल. काडीशिवाय पक्कं होत नाही म्हणाली आहे, पण बायकोचं म्हणणं ती कागदावर घेते, मग निदान ऑफिसला घाईने मला देता येणार नाही. तेवढंही नको असेल तर तसं सांग. बेकरीवाल्याकडून निरोप पाठव, गाडीवाल्याला सांग, काहीही कर. पण "नको" हा शब्द तुझ्या तोंडून यायला पाहिजे. गप्प बसून मला चोर करू नकोस.

शुक्रवारी बारा वाजता मॅडम पेट्या भरते. बारापर्यंत मी लाँड्रीच्या दारात उभी आहे. तोपर्यंत तुझं उत्तर आलं पाहिजे, हो की नाही. नाही आलं तर मी जाऊन सही करेन. तुझ्या माणसाला माझा म्हणून नेईन, दगडावर यांचं नाव घालेन, आणि त्यानंतर तू किंवा तुझी पोर कधी मागायला आलात, तर माझ्याकडे द्यायला काही नाही, असं सांगेन. आणि तेव्हा मला ते खरंच वाटत असेल.

शुक्रवार. बारा.

तुझी,
थोरली